बाहेरचा धागा

पात्याचं टोक छातीला लागलं तेव्हा त्याला दुखलं नाही, नवल वाटलं. मुलगी चार हात लांब उभी होती आणि मग नव्हती. मधलं अंतर तिनं कधी कापलं ते डोळे उघडे असूनही त्याला दिसलं नाही. जाळीच्या मुखवट्याआडून त्याला फक्त एवढंच दिसलं की पातं धनुष्यासारखं वाकलंय, त्याचं एक टोक आपल्या छातीत आणि दुसरं पोरीच्या मुठीत आहे. दोन बोटं गळ्याच्या हाडाखाली, जरा डावीकडे. बरोबर तिथे, जिथे तो कोटाच्या खिशात सुयांची डबी ठेवायचा. आज डबी पँटच्या खिशात होती म्हणून, नाहीतर डबीवरच वाजलं असतं. "लागलं का बाबा?" बारकीनं विचारलं. तिचा आवाज मुखवट्यातून आला आणि त्याला वाटलं, हा आवाज आपण ओळखत नाही. घरातली बारकी ताटातलं मीठसुद्धा मागायची नाही. हात लांबवून घ्यायची, नाहीतर अळणी खायची. "लागलं," तो म्हणाला. मागच्या खुर्च्यांवरचे पालक हसले. तो मात्र हसला नाही. एवढ्या जवळ येऊन एवढं नेमकं त्याला आजवर कोणी काही सांगितलं नव्हतं.

दीड वर्ष मुलगी या हॉलमध्ये येत होती आणि आई-बापांपैकी एकानंही इथे पाऊल टाकलं नव्हतं. शाळेतून चिठ्ठी आली, त्यावर सही केली. खेळ म्हणजे खेळ, कबड्डी काय आणि हे काय. आज क्लबांची स्पर्धा होती आणि त्याआधी पालकांना खेळाची ओळख करून द्यायची असं मॅडमनी ठरवलं होतं. मॅडम म्हणजे पोरांची शिक्षिका, पन्नाशीची, एका गुडघ्याला पट्टा बांधलेली बाई. ती लंगडत यायची, पण हातात पातं घेतलं की लंगडणं कुठे जायचं कोण जाणे. "तलवार म्हटलं की तुम्हाला सिनेमा आठवतो," ती म्हणाली होती, "तो आधी घरी सोडून या. इथे कोणी कोणाला मारत नाही. इथे फक्त सांगायचं असतं, की मी तुझ्यापर्यंत पोचले." मग तिनं तीन प्रकारची पाती दाखवली. फॉइल, एपे, सेबर. "आपली पोरं फॉइल खेळतात. टोकानंच लागलं पाहिजे, आणि धडावरच. आणि हे मनगटाचं काम नाही, बोटांचं आहे. दोन बोटांत समोरचं पातं काय विचार करतंय ते कळलं पाहिजे." मग म्हणाली, कोणीतरी पुढे या, बघून कळत नाही, लागल्यावर कळतं. तीसेक आई-बापांनी एकदम आपापल्या चपला न्याहाळायला घेतल्या. त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. "जा ना. दिवसभर बसून तर असता." ती दवाखान्याच्या खिडकीवर नंबर पुकारायची, त्यामुळे तिचं कुजबुजणंही चार रांगांना ऐकू जायचं. तो उठला तो त्या रांगांच्या हसण्यामुळे.

आता तो जाकीट काढत होता आणि मॅडम भिंतीजवळच्या दिव्यांपाशी उभी राहून पुढचं सांगत होती. "वरून हे चंदेरी जाकीट घालतात. टोक या जाकिटाला लागलं की रंगीत दिवा, एकीचा लाल, दुसरीचा हिरवा. हाताला, पायाला, कुठेही बाहेर लागलं की पांढरा. पांढऱ्याला गुण नाही." यंत्राला हे कसं कळतं, असं कोणीतरी विचारलं. मॅडमनी काय उत्तर दिलं ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही, कारण त्याची पाठीवरची चेन अडकली होती आणि बायको ती ओढताना म्हणत होती, "श्वास आत घ्या. आणखी घ्या. एवढा कुठे साठवून ठेवलाय?" तो सुटून परत खुर्चीवर येईपर्यंत मॅडम दुसऱ्या गोष्टीवर गेली होती. पुढच्या खुर्चीच्या पाठीवर एक चंदेरी जाकीट टाकलेलं होतं. त्याचा हात आपोआप त्याच्याकडे गेला. तीस वर्षांची सवय. लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजाऱ्याची बाही चिमटीत धरून बघायचा. उभा धागा सुताचा, आडव्यात बारीक धातूची तार. जरीचा प्रकार, त्यानं मनाशी ठरवलं. चमकावं म्हणून, पंचांना लांबून दिसावं म्हणून.

मग लढती सुरू झाल्या. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली अरुंद लांब पट्टीवर समोरासमोर येत, पातं उभं करून एकमेकींना सलामी देत, मुखवटा खाली ओढत आणि त्यानंतर त्या कोणाच्याच मुली राहत नसत. पाठीला वायर लावलेली ती पांढरी आकृती पुढे सरकायची ती पाय उचलून नाही, जमीनच तिच्याखालून मागे ओढल्यासारखी. आणि त्या आकृत्यांमधली एक त्याची होती. सकाळी पांघरूण ओढल्याशिवाय न उठणारी, पाहुणे आले की स्वयंपाकघराच्या दारामागे जाऊन उभी राहणारी. मास्तर म्हणायचे, हुशार आहे पण बोलत नाही; बायको म्हणायची, बापावर गेलीय, भिंतीशी संसार केल्यासारखं आहे माझं. आता ती बोलत होती. पात्यानं विचारत होती, मागे सरून उत्तर ऐकत होती, समोरचीला खोटं सांगत होती आणि ती फसली की खरं सांगत होती. एका बाईनं मागून विचारलं, "ती कोणाची हो, डावखुरी?" आणि त्याच्या तोंडून एकदम आलं नाही की माझी. वाटलं, खातरी करून घ्यावी आधी.

बायकोचं ओठ चावणं चालू होतं. "अहो, हिला एवढं टोचतात आणि ही घरी येऊन एक शब्द बोलत नाही?" तो म्हणाला, "दुखत नाही. मला लागलं ना सकाळी." "तुम्हाला काय दुखतंय," ती म्हणाली, पण तिचे डोळे पट्टीवरून हलले नाहीत, आणि बारकीचा हिरवा दिवा लागला तेव्हा तिनं दवाखान्याच्या आवाजात "पुढचा," असं म्हटलं आणि स्वतःच जीभ चावली.

एक गोष्ट त्याच्या लक्षात आली, कारण कापड कुठे विरतं हे बघायचीच त्याच्या डोळ्यांना सवय होती. बारकी हात उंच करून पुढे झेपावली की तिची डाव्या काखेखालची जागा उघडी पडायची. तिला जे लागे ते तिथेच. सहा वेळा, आठ वेळा, त्याच तळहाताएवढ्या जागेवर. तिसऱ्या लढतीत ती जिंकली, पण शेवटच्या घावाला जाकीट तिथेच उसवलं. उसवलं नाही, फाटलं. दोन बोटं लांब, आतली तार बाहेर. ती खुर्चीपाशी आली, जाकीट काढून पाठीवर टाकलं, म्हणाली, "मॅडमकडून दुसरं बघते," आणि पाणी प्यायला गेली. पुढच्या लढतीला वीस मिनिटं होती. जिंकेल तिला बाहेरगावी जाणाऱ्या संघात जागा, एवढं दोघांना मॅडमकडून कळलं होतं. बायको तिच्यामागे गेली. तो आणि फाटलेलं जाकीट दोघंच राहिले.

रफूचा धंदा त्याला मामानं शिकवला होता. मामाचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा; उभं राहिलं की डोकं आपटायचं, म्हणून मामा म्हणायचा, बसूनच राहा, अक्कल शाबूत राहील. मामाचे दोनच नियम होते. पहिला, रफू दिसता कामा नये. दिसलं तर त्याला ठिगळ म्हणतात. दुसरा, धागा त्याच कपड्यातून काढायचा, आतल्या दुमडीतून, शिवणीच्या पोटातून. "बाहेरचा धागा कितीही मिळता असू दे," मामा सांगायचा, "डोळा फसतो, कापड फसत नाही." त्यानं जाकीट उलटं केलं. दुमड नव्हतीच, कडा पट्टीनं बांधून टाकलेल्या. डबी उघडली. डबीत राखेच्या रंगाचं एक रेशीम होतं, कुठल्याशा जुन्या कोटासाठी आणलेलं, प्रकाशात धरलं की अगदी या तारेसारखं चमकणारं. त्यानं ते सुईत ओवलं. मामाचा नियम मोडताना हात जरा थांबला, पण सकाळची छातीवरची ती जागा अजून ऊन लागल्यासारखी गरम होती, आणि त्याला वाटलं, आपल्यालाही काहीतरी नेमकं सांगता यावं. सुटी तार कापली, उभे धागे घातले, मग आडवे, एक वर एक खाली, एक वर एक खाली. हॉलमध्ये दिवे वाजत होते, पाय आपटत होते, त्याला काही ऐकू येत नव्हतं. शेवटची गाठ आत दडपली आणि कापड नखानं सारखं केलं, तेव्हा आपण कुठे काम केलं हे त्याला स्वतःला क्षणभर सापडलं नाही. असं रफू आयुष्यात चार-पाच वेळाच होतं.

बारकी परत आली, जाकिटाकडे बघितलं, म्हणाली, "अरे, मॅडमनी बदललं वाटतं," आणि चढवलं. तिकडे मॅडमला वाटलं, मुलीला दुसरं मिळालं. त्यानं डबी खिशात टाकली आणि गप्प राहिला. सांगायचं काय? सांगितलेलं रफू म्हणजे दाखवलेलं रफू. आतल्या आत त्याला गुदगुल्या होत होत्या. घरी गेल्यावर ताटावर बसताना सांगू, असं त्यानं ठरवलं.

समोर उंच मुलगी होती, बारकीपेक्षा वीतभर. एकमेकींच्या खांद्याला टोक टेकवून दोघींनी दिवे लागतात ना ते तपासलं, सलामी झाली, पंच म्हणाला "सुरू". पंधरा गुणांची लढत. पंच चाळिशीचा होता, टकला, बोलायला कंजूष. चार-तीन, सहा-सहा, नऊ-आठ. उंच मुलीचं टोक बारकीच्या काखेखाली लागलं तेव्हा पांढरा दिवा लागला. त्याला वाटलं, दंडाला लागलं असेल. उंच मुलीनं आपल्या टोकाकडे पाहिलं, बुटावर दाबून पाहिलं. अकरा-दहा. पुन्हा तीच झेप, तीच उघडी जागा. या वेळी त्यानं नीट पाहिलं. टोक त्याच्या रफूवर उतरलं, मधोमध, पातं वाकलं. दिवा पांढरा.

जाकिटातली ती तार. जरी नव्हती ती. चमकावं म्हणून नव्हती. मॅडम दिव्यांपाशी जे सांगत होती आणि चेन ओढताना ऐकायचं राहिलं, ते आता त्याला न ऐकताच ऐकू आलं. कापडातून विजेसारखं काहीतरी वाहत होतं, आणि त्याच्या दोन बोटांच्या रेशमाशी येऊन थांबत होतं. डोळा फसला होता, कापड फसलं नव्हतं. "काय झालं?" बायकोनं विचारलं, "तोंड का असं झालं?" "काही नाही," तो म्हणाला.

काही नाही. हे शब्द तोंडातून गेले आणि त्याला ती बाई आठवली. खूप वर्षांपूर्वीची, पोराचा शाळेचा स्वेटर घेऊन येणारी. पहिल्यांदा खांद्यावर फाटलेला, पकडून ओढल्यावर फाटतो तसा. "काय झालं?" त्यानं विचारलं होतं. "काही नाही, खिळ्याला अडकला." त्यानं असं रफू केलं की बाईनं उजेडात धरून हसून मान डोलावली. महिन्यानं पुन्हा आली; पुन्हा खिळा. तिसऱ्यांदा स्वेटरवर खिळ्याची उंची बदललेली होती. तो काही बोलला नाही, उलट जास्त जीव ओतून रफू केलं. शाळेत कोणाला काही दिसलं नसणार. त्याच्याइतकं चांगलं रफू गावात कोणी करत नव्हतं. मग ती यायची बंद झाली, आणि तो पुष्कळ दिवस जिन्यावर पावलं वाजली की वर बघायचा.

तेरा-बारा. चौदा-बारा. चौदा-तेरा. बारकी पुढे होती. एक गुण, की संघात जागा. तो हे सगळं जाणून खुर्चीवर बसून होता. त्यानं उठायला पाहिजे होतं. अजून एकच, मग संपेल, कोणाला दिसणार आहे. हा विचार त्याला आला, आला नाही असं तो पुढे कधी म्हणाला नाही. उंच मुलगी सरकली, बारकी झेपावली, टोक काखेखाली. पांढरा दिवा. पंचानं हात हलवला, गुण नाही, जागेवर चला.

बारकी जागेवर गेली नाही. तिनं रिकामा हात वर केला. मग मुखवटा काढला. केस कपाळाला चिकटलेले, गाल लाल, आणि ती भर हॉलमध्ये, दोनशे माणसांसमोर, स्पष्ट आवाजात म्हणाली, "लागलं. इथे, जाकिटावर लागलं. मगाशीही दोनदा इथेच लागलं होतं."

पंच तिच्याकडे बघत राहिला. "दिवा पांढरा आहे. तुझ्या फायद्याचा आहे. तुझी तक्रार कशाबद्दल आहे?"

"जाकिटाबद्दल," ती म्हणाली.

त्याच्या बायकोनं श्वास आत ओढला. त्याला मात्र वाटलं, सकाळचं टोक पुन्हा लागलं, त्याच जागी, आणि या वेळी हाडापर्यंत. पंचानं उंच मुलीचं पातं घेतलं, बारकीच्या खांद्यावर दाबलं, लाल. पोटावर, लाल. काखेखाली, पांढरा. त्याचा चेहरा बदलला. "सकाळच्या तपासणीत हे कसं सुटलं? जाकिटात नंतर काही केलं असेल तर मुलगी स्पर्धेबाहेर जाते, मॅडम. आणि वर्षभर खेळत नाही." मॅडम लंगडत पुढे आली. बारकीनं जाकिटाकडे पाहिलं, मग मॅडमकडे. तिला काहीच कळत नव्हतं, आणि ते न कळणं चोरासारखं दिसत होतं.

तो पट्टीभोवतीची दोरी ओलांडून आत गेला. "पालकांनी आत यायचं नाही," कोणीतरी म्हणालं. "ते काम माझं आहे," तो म्हणाला. आवाज फार बारीक निघाला म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं, "रफू माझं आहे. पोरीला माहीत नाही. मी तिला सांगितलं नाही."

"कुठलं रफू?" पंचानं बारकीला जाकीट काढायला लावलं, दिव्याखाली धरलं, फिरवलं, आतून बाहेरून पाहिलं. मॅडमनी चष्मा लावला. "इथे तर काहीच नाही."

"तसंच असतं ते," तो म्हणाला.

त्यानं पंचाच्या हातातलं पातं मागून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा तलवार धरली होती, पण टोक कुठे ठेवायचं ते त्याच्याइतकं त्या हॉलमध्ये कोणाला ठाऊक नव्हतं. जाकीट टेबलावर पसरलं, कोणीतरी वायर जोडली, आणि त्यानं टोक दाबलं. लाल. एक सूतभर आत, पांढरा. त्याच्याखाली पांढरा. आणखी खाली पांढरा, आणि मग लाल. उजवीकडे लाल, डावीकडे लाल. प्रत्येक वेळी यंत्र वाजत होतं. तीस वर्षं जे कोणाला दिसलं नव्हतं त्याच्या कडा तो सगळ्यांसमोर एकेक टाका करून दाखवत होता. दोन बोटं उभ्यात, एक बोट आडव्यात. लाज वाटायला हवी होती, तशी ती वाटतही होती, पण तिच्या जोडीला दुसरंही काही होतं. त्याचं काम पहिल्यांदाच उजेडात आलं होतं, आणि ते चुकलेलं होतं, आणि तरी कडा सरळ होत्या.

पंचानं टकलावरून हात फिरवला. "मी पंधरा वर्षं जाकिटं तपासतोय," एवढंच म्हणाला. मग खिशातून लाल कार्ड काढलं. जाकिटाबद्दल शिक्षा म्हणून एक गुण समोरच्या मुलीला. मुद्दाम केलं नाही म्हणून स्पर्धेबाहेर नाही. चौदा-चौदा. मॅडमनी कोणाचं तरी जाकीट आणून बारकीला घातलं, खांद्यात सैल, कमरेत लांब. तो दोरीबाहेर आला. बायकोनं शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, त्याला बसता यावं म्हणून.

शेवटचा गुण फार लवकर गेला. दोघी सरकल्या, थांबल्या, पाती एकमेकांना चाटून गेली. बारकी झेपावली, हात उंच, काख उघडी. उंच मुलीचा लाल दिवा. कापडानं या वेळी खरं सांगितलं. बारकीनं मुखवटा काढला, उंच मुलीशी हात मिळवला, पंचाशी मिळवला. संघात उंच मुलगी गेली.

घरी जायच्या आधी ती ते रफूचं जाकीट घेऊन त्याच्या शेजारी बसली. तो म्हणाला, "माझ्यामुळे गेलं." ती म्हणाली, "काखेमुळे गेलं. मॅडम कधीच्या सांगतायत." बायको चपला शोधत होती आणि चपलांना रागावत होती. बारकीनं जाकीट मांडीवर पसरलं. "थांबा, सांगू नका हं कुठे ते," ती म्हणाली आणि डोळे मिटले. डाव्या हाताचं पहिलं बोट आणि अंगठा तिनं कापडावर ठेवले, पातं धरावं तसे, न दाबता. बोटं खाली सरकू लागली. त्याच्याकडे गिऱ्हाइकांनी भिंगं आणली होती, उजेडात धरून पैजा लावल्या होत्या, मामानं स्वतः एकदा हार मानली होती. बोटं काखेजवळ आली, पुढे गेली. गेलीच, त्याला वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं. मग ती थांबली. एक सूतभर मागे आली. तिथून हळूहळू खाली, दोन बोटं, आणि आडवी, एक बोट. बरोबर कडेवरून, जिथे तार संपून रेशीम सुरू होत होतं.

"इथून इथपर्यंत," ती म्हणाली. डोळे अजून मिटलेले होते. "बरोबर ना बाबा?"

त्यानं रिकामा हात वर केला.

"लागलं," तो म्हणाला.